ट्रेलरवरची जादा बॅटरी: वायर, फ्यूज आणि चार्जिंग

ट्रेलरवर जादा बॅटरी बसवली आणि वर्षभरात ती बसली, की शिव्या बॅटरीवाल्याला पडतात. मग तिच्याहून मोठी बॅटरी येते आणि तीही तशीच जाते. बहुतेक वेळा खोट बॅटरीत नसतेच. घोड्याच्या (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या ट्रकच्या) अल्टरनेटरपासून, म्हणजे इंजिनवर फिरून करंट बनवणाऱ्या यंत्रापासून, ट्रेलरच्या शेपटापर्यंत जी वायर ओढलेली असते, तिथे खोट असते. वायर बारीक, अर्थ (परतीचा मायनस) चेसिसवर सोडलेला, फ्यूज एकाच टोकाला आणि थिंबल (वायरीच्या टोकाचा धातूचा कान) हातोडीने ठोकलेलं. म्हणून या लेखात बॅटरीपेक्षा वायरीबद्दल जास्त लिहिलं आहे.

बेळगाव, निपाणी, संकेश्वर, चिकोडी, अथणी भागात हे काम वाढलं आहे. पोकलेन आणि ऊसतोडणी मशीन वाहणारे लो-बेड, उद्यमबागेतलं कास्टिंग नेणाऱ्या गाड्या, दुधाच्या आणि थंड मालाच्या गाड्या, या सगळ्यांना मागे स्वतंत्र करंट लागतो. मल्टीमीटर धरता येणाऱ्याला पुढचं काम समजून करता येईल. ज्याला तो धरता येत नाही त्याने इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं, पण शेजारी उभं राहून काय चाललंय ते पाहावं.

बॅटरी खरंच हवी का

जीपीएस, मागचा कॅमेरा, एलईडी टेललॅम्प एवढ्यासाठी वेगळी बॅटरी बसवू नका. हे सगळं मिळून दोन-चार अँपिअरच्या आत असतं, घोड्याच्या बॅटरीला ते जाणवतही नाही. उसाच्या ट्रॉलीमागे लाइट लागावी म्हणून स्कूटरची बॅटरी बांधलेली कारखान्याच्या रांगेत दिसते. तिथे खरी गरज धड सॉकेटची आणि रिफ्लेक्टरची असते.

बॅटरी लागते ती मोटर असेल तर: हायड्रॉलिक रॅम्पचा पंप, टेल-लिफ्ट, ताडपत्री ओढणारी मोटर. किंवा इंजिन बंद ठेवून रात्रभर काही चालवायचं असेल तर.

हिशेब साधा आहे. रॅम्पचा पंप ३ किलोवॉटचा असेल तर २४ व्होल्टवर तो १२५ अँपिअर घेतो, सुरू होताना क्षणभर त्याहून बराच जास्त. एका चढ-उतारात पंप अडीच मिनिटं चालला तर सव्वापाच एएच (अँपिअर-तास) गेले. दिवसात चार वेळा केलं तर २१ एएच. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरू द्यायची नाही, आणि मोठा करंट ओढला की तिची कपॅसिटी कमीच मिळते. हे धरूनही १०० एएचच्या दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये पुरतात. दोनशे एएच बसवली तर "निवांत राहील" असं वाटतं, पण ती भरायला करंट आणणार कुठून? अर्धवट भरलेली मोठी बॅटरी ही पूर्ण भरलेल्या लहान बॅटरीपेक्षा लवकर मरते, कारण प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं.

दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच एएचच्या, एकाच वेळी घेतलेल्या हव्यात. एक जुनी एक नवी लावली की एक अर्धी भरलेली असताना दुसरी उकळत असते.

पेट्रोल-डिझेल किंवा गॅसचा टँकर असेल तर हा लेख इथेच मिटा. त्या गाड्यांच्या वायरिंगचे नियम वेगळे आहेत, ते पेसोच्या (पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) कक्षेत येतात. मान्यता असलेल्या वर्कशॉपशिवाय त्यात एक स्क्रूही घालू नये.

सात पिनांच्या सॉकेटातून चार्जिंग घेऊ नका

सगळ्यात जास्त केला जाणारा जुगाड हाच. पार्किंग लाइटच्या वायरीतून एक फांदी काढायची आणि बॅटरीच्या प्लसला लावायची. लाइट लावली की बॅटरी चार्ज होते, काम झालं. ड्रायव्हर सांगतोही, "चार्ज व्हायलालंय की ओ, व्होल्ट दाखवायलालंय न्हवं!" व्होल्ट दाखवतो हे खरं. पण त्या वायरी दिव्यांसाठी असतात, बहुतेक दीड चौरस मिमीच्या. मागे पंप सुरू झाला की बॅटरीचा व्होल्टेज खाली येतो आणि घोड्याकडून त्या बारीक वायरीत करंट धावतो. लाइटचा फ्यूज उडतो. म्हणजे पोकलेन चढवून तवंदी घाटात शिरेपर्यंत मागचे दिवे गेलेले असतात, आणि पुढे केबिनमध्ये बसलेल्याला पत्ता नसतो.

दुसरा प्रकार उलटा. चावी बंद असली तरी मागची बॅटरी त्याच वायरीतून टेललॅम्प जळत ठेवते. तिसरा अर्थचा. सगळ्या दिव्यांचा अर्थ एकाच पिनेवरून परत येतो. त्यावर चार्जिंगचा करंट टाकला की ब्रेक मारल्यावर इंडिकेटर मंद होतो, लाइटी एकमेकांत मिसळतात. एबीएसच्या कनेक्टरला तर कुणी हात लावूच नये. तो ब्रेकसाठी आहे.

चार्जिंगसाठी घोड्याच्या बॅटरीपासून स्वतंत्र प्लस आणि स्वतंत्र मायनस, हा पहिला नियम. मायनससाठी चेसिस धरायचा नाही. घोडा आणि ट्रेलर यांच्यात लोखंडाचा जोड फक्त किंगपिन (ट्रेलरची जोडखुंटी) आणि फिफ्थ-व्हीलचा (ती अडकते त्या घोड्यावरच्या ताटलीचा), आणि तिथे ग्रीसचा थर. करंट कधी जाईल कधी नाही, आणि जाईल तेव्हा ठिणगी पडेल.

वायर किती जाड

दुकानात "चांगली जाड वायर द्या" म्हणू नका, चौरस मिमी सांगा. तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स काढायला ०.०१७५ गुणिले मीटरमधली लांबी, भागिले चौरस मिमी. लांबी जाऊन-येऊन धरायची, कारण करंट मायनसमधूनही तेवढाच जातो.

पंप आणि बॅटरी ट्रेलरच्या मागच्या टोकाला आहेत असं धरू. घोड्याच्या बॅटरीपासून कॉइल (घोडा-ट्रेलरमधली गुंडाळीची केबल), चेसिस, पेटी असं २० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर. चार्जिंगचा करंट २५ अँपिअर हवा आहे. ४ चौरस मिमीच्या वायरीत ४.४ व्होल्ट पडतो, १६ मध्ये १.१ व्होल्ट, २५ मध्ये ०.७ आणि ३५ मध्ये अर्धा व्होल्ट. अल्टरनेटर २८ देतोय, त्यातले साडेचार वाटेत गेले तर बॅटरीला काय मिळणार? प्रत्यक्षात २५ अँपिअर जातच नाही. १०-१२ वर अडकतो आणि बॅटरी थोडी भरली की पाच-सहावर येतो. बेळगावहून निपाणी गाठेपर्यंत दहा-बारा एएच जेमतेम भरतात आणि खर्च झालेले असतात वीसच्या वर. रोज थोडं-थोडं मागे पडत महिनाभरात बॅटरी बसते, आणि मालक म्हणतो बॅटरी डुप्लिकेट होती.

यावर माझं मत सरळ आहे: जमत असेल तर पंप आणि बॅटरी मागे ठेवूच नका, पुढे गूजनेकवर (ट्रेलरच्या उंच पुढच्या मानेवर) घ्या. तेलाचा पाइप दहा मीटर लांब गेला तर खर्च थोडा. तांब्याची जाड केबल दहा मीटर कमी झाली तर बचत मोठी. अंतर १० मीटरवर आलं की १६ चौरस मिमीत २५ अँपिअरला फक्त साधारण ०.५५ व्होल्ट पडतो. नवीन लो-बेड बनवून घेत असाल तर फॅब्रिकेटरला हे चेसिस उभं राहण्याआधी सांगा, नंतर कुणी बदलत नाही.

वायर मल्टिस्ट्रँड तांब्याची, गाडीसाठीची घ्या. घरातल्या वायरिंगची जाड-तारांची वायर धक्क्यांनी आतून तुटते. वेल्डिंग केबल लवचिक असते म्हणून बरेच जण वापरतात. ती चालेल, पण तांब्याचीच आहे ना ते सोलून, खरवडून पाहून घ्या. अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते आणि वजनाला हलकी लागते, तिथेच ओळखावी.

मधे काय बसवायचं

दोन बॅटऱ्या थेट जोडल्या तर इंजिन बंद असताना मागचा पंप पुढच्या बॅटऱ्याही उतरवतो. सकाळी सेल्फ मारायला करंट नाही. म्हणून मधे तोडणारं काहीतरी लागतं.

स्वस्त उपाय म्हणजे व्होल्टेज पाहून जोडणारा रिले, व्हीएसआर. २४ व्होल्टचा असेल तर साधारण २६.६ च्या पुढे जोडतो आणि २५.६ च्या आसपास तोडतो. मॉडेलप्रमाणे आकडा थोडा बदलतो. इंजिन चालू झालं, व्होल्टेज चढला, जोडला. बंद झालं, उतरला, तुटला. अंतर कमी, बॅटरी साधी पाण्याची आणि गाडीचा अल्टरनेटर जुन्या पद्धतीचा स्थिर व्होल्टेज देणारा असेल तर हा पुरतो.

दुसरा उपाय डीसी-टू-डीसी चार्जर. महाग आहे, पण लांब ट्रेलरला मी तोच सांगेन. तो ट्रेलरच्या बॅटरीजवळ बसतो. वाटेत एक-दोन व्होल्ट पडला तरी आत येणारा व्होल्टेज वाढवून बॅटरीला हवा तेवढाच देतो. २० अँपिअरचा चार्जर २८ व्होल्टला ५६० वॉट देतो. त्यासाठी घोड्याकडून २५ अँपिअरच्या आसपास घेतो, आणि २० मीटरसाठी १० चौरस मिमीची वायर भागते, कारण पावणेदोन व्होल्ट पडला तरी चार्जरला फरक पडत नाही. ३५ ऐवजी १० ची केबल घेतल्यावर जे पैसे वाचतात, त्यात चार्जरच्या किमतीचा बराच भाग निघतो. शिवाय करंट त्याच्या मर्यादेपलीकडे जात नाही, त्यामुळे अल्टरनेटर तापत नाही.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांपैकी काहींचा अल्टरनेटर इंजिनच्या कंट्रोलरच्या हुकमाने व्होल्टेज कमी-जास्त करतो. अशा गाडीवर व्हीएसआर जोडतो-तोडतो करत राहतो. तिथे डीसी-टू-डीसीच हवा. आणि या गाड्यांच्या मूळ हार्नेसमध्ये (कंपनीच्या वायरींच्या जुडग्यात) वायर सोलून फांदी काढू नका. प्लस थेट बॅटरीवरून घ्या, मायनस कंपनीने दिलेल्या अर्थ पॉइंटवरून. मायनसला करंट मोजणारा सेन्सर लावलेला असेल तर त्याच्या गाडीकडच्या बाजूला जोडा, बॅटरीकडच्या नाही.

लिथियम (एलएफपी) बॅटरी घेत असाल तर थेट अल्टरनेटरवर लावूच नका. ती शेवटपर्यंत पूर्ण करंट ओढत राहते आणि अल्टरनेटर जळतो. तिला स्वतःच्या बीएमएससोबत (बॅटरीचं रक्षण करणाऱ्या सर्किटसोबत) लिथियम-मोड असलेला चार्जरच लागतो.

अल्टरनेटर किती अँपिअरचा आहे ते त्याच्या प्लेटवर लिहिलेलं असतं. त्यातला तिसरा हिस्साच मागच्यासाठी धरा. रात्री पावसात हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू असतं, हे विसरून हिशेब केला की पुढचीच बॅटरी उपाशी राहते.

आता व्हीएसआर लावणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट, जी बहुतेक ठिकाणी केलेली नसते. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवूनच रॅम्प उचलतो. त्या वेळी व्हीएसआर जोडलेला असतो, म्हणजे पंपाचे सव्वाशे अँपिअर काही मागच्या बॅटरीतून, काही घोड्याकडून चार्जिंगच्या वायरीतून यायला लागतात. फ्यूज उडतो. मग कुणीतरी मोठा फ्यूज टाकतो, आणि आता वायर तापते. हे टाळायला चार्जिंगच्या वाटेवर ट्रेलरच्या पेटीत १०० अँपिअरचा कॉन्टॅक्टर (मोठा रिले) बसवा. त्याच्या कॉइलला सप्लाय घोड्याच्या चावीवरून येणाऱ्या बारीक सिग्नल वायरीतून द्या, आणि ती वायर एका छोट्या रिलेच्या एनसी पॉइंटमधून (एरवी जोडलेला, रिले ओढला की तुटणारा) न्या. त्या रिलेला पंपाचं बटण जोडा. बटण दाबलं की रिले ओढतो, कॉन्टॅक्टर सुटतो, पंप फक्त मागच्या बॅटरीवर चालतो. चावी बंद असतानाही कॉन्टॅक्टर सुटलेला, त्यामुळे जोडाच्या प्लगवर ट्रेलरचा करंट नाही. कॉइलचा सप्लाय चार्जिंगच्या वायरीवरूनच घेऊ नका. तसा घेतला तर ट्रेलरची बॅटरीच त्याला धरून ठेवते आणि तो सुटत नाही.

फ्यूज दोन्ही टोकांना

पाण्याच्या पाइपला एका बाजूला टाकी असते, या वायरीला दोन्ही बाजूंना टाकी आहे. घोड्याकडचा फ्यूज उडाला तरी घासलेल्या वायरीत ट्रेलरची बॅटरी करंट ओततच राहते. म्हणून एक फ्यूज घोड्याच्या बॅटरीपासून वीतभर अंतरात, दुसरा ट्रेलरच्या बॅटरीपासून वीतभर अंतरात.

फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, त्याचा आकडा वायरीच्या जाडीवर ठरतो. १६ चौरस मिमीला ६० अँपिअर, २५ ला ८०, डीसी-टू-डीसीच्या १० ला ४०. पंपाची वायर वेगळी: बॅटरीपासून पंपापर्यंत ५० चौरस मिमी, जमेल तेवढी आखूड, आणि पंपाच्या पुस्तकात सांगितलेला फ्यूज. फ्यूज बोल्टने कसायचा, झाकण असलेला आणि किमान ३२ व्होल्ट डीसीचा हवा. घरातली एमसीबी लावलेली मी पाहिली आहे. ती एसीसाठी असते, डीसीची ठिणगी तिच्यात विझेलच असं नाही.

फ्यूज उडाला तर आधी कारण शोधायचं. तारेचा तुकडा गुंडाळून "निपाणीपर्यंत चालतंय" म्हणणाऱ्या माणसाला गाडीत आग विझवायचं नळकांडं कुठं आहे ते विचारावं.

थिंबल

बिघडलेलं एक थिंबल हॅकसॉने उभं कापून बघा. हातोडी-छिन्नीने ठोकलेल्या थिंबलात तारांमध्ये पोकळ्या दिसतात. एका बाजूच्या तारा दबून सपाट झालेल्या, दुसऱ्या बाजूच्या सैल आणि काळ्या-हिरव्या पडलेल्या. ज्या तारांना धातू टेकलाच नाही, त्या करंट नेत नाहीत. वरून वायर २५ ची, आतून कामाची दहाची. थिंबल हायड्रॉलिक क्रिंपिंगच्या पकडीने, त्याच मापाच्या डायमध्ये दाबलेलं असेल तर कापल्यावर आत घट्ट तांब्याचा एकच ठोकळा दिसतो, तारा वेगळ्या ओळखता येत नाहीत.

बेळगावच्या ऑटोनगरमध्ये अशी पकड असलेले इलेक्ट्रिशियन मिळतात. थिंबलं तिथेच दाबून घ्या, बाकी फिटिंग तुमच्या यार्डात करा. थिंबल टिन केलेल्या तांब्याचं, वायरीच्या मापाचं, भोक बोल्टच्या मापाचं. वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. सोल्डर भरून क्रिंपिंगची कमी भरून निघत नाही. उलट सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होऊन धक्क्यांनी मोडते.

पेटी, रस्ता आणि जोड

पेटी चाकांच्या सरळ रेषेत मागे नको, तिथे खडी लागते. लँडिंग लेग आणि एक्सल यांच्या मधली चेसिसची बाजू बरी, किंवा गूजनेक. शंभर एएचची बॅटरी पंचवीस-तीस किलोची असते. दोन मिळून खड्ड्यात उसळल्या तर दोरी किंवा जुनी ट्यूब त्यांना धरू शकत नाही. वरून लोखंडी पट्टी आणि दोन बोल्ट, पट्टीखाली रबर, बुडाशी रबरी शीट. पट्टी टर्मिनलपासून लांब हवी, आणि प्लसवर रबरी टोपी.

पेटीला खाली पाणी जायला भोक आणि वरच्या बाजूला हवा जायला जाळी. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो हलका असल्यामुळे वर साठतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ठिणगीने पेटतो. म्हणून रिले, कॉन्टॅक्टर, कट-ऑफ स्विच हे ठिणगीचे प्राणी बॅटरीच्या कप्प्यात ठेवायचे नाहीत, शेजारी वेगळ्या बंद डब्यात ठेवायचे.

कट-ऑफ बाहेरून हाताला येईल असा बसवा आणि त्यावर मराठीत आणि कन्नडात दोन्ही लिहून घ्या. आपल्याकडे आज ड्रायव्हर चंदगडचा, उद्या गोकाकचा. धूर निघताना स्विच कुठला हे विचारत बसायला वेळ नसतो.

केबल चेसिसच्या आतल्या अंगाने, जाड फ्लेक्सिबल पाइपात न्या. दर फूट-दीड फुटाला रबर लावलेला क्लॅम्प. पत्र्याच्या भोकातून जाते तिथे ग्रोमेट (रबरी कडं). ब्रेकच्या हवेच्या पाइपाला केबल बांधायची नाही, सायलेन्सरपासून लांब ठेवायची. प्लास्टिकचा केबल टाय फक्त तात्पुरता.

घोडा-ट्रेलर जोडाला १७५ अँपिअरचा दोन पोलचा प्लग वापरा, अँडरसन म्हणून मागितला की मिळतो. त्याचे संपर्क आत दडलेले असतात, आणि वेगवेगळ्या रंगांचे प्लग एकमेकांत बसत नाहीत. त्यामुळे यार्डात २४ व्होल्टसाठी एकच रंग ठरवा. १२ व्होल्टचा ट्रॅक्टर असेल तर त्याला दुसरा रंग. झाकण असलेला घ्या. खानापूर-जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात आठवडाभर फिरलेला उघडा प्लग खोलून पाहिला, तर आत हिरवी भुकटी आणि लाल माती एकत्र झालेली दिसते, आणि तो जोड हाताला कोमट लागतो.

केबलला एवढी ढील ठेवा की पूर्ण वळणात ताण येऊ नये, आणि सरळ जाताना ती चेसिसवर घासू नये. बसवल्यावर ट्रेलर दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून खाली उभं राहून पाहा.

जोडण्याचा क्रम

आधी अंगठी, कडं, साखळी काढा. तांब्याचं कडं घालून बॅटरीवर पाना फिरवणं म्हणजे मनगटावर वेल्डिंग. चष्मा घाला. खायचा सोडा आणि पाण्याची बादली जवळ ठेवा. अ‍ॅसिड कपड्यावर, पेटीवर पडलं तर सोडा. डोळ्यात गेलं तर फक्त स्वच्छ पाणी, पंधरा-वीस मिनिटं सतत, आणि मग डॉक्टर.

१. घोड्याची चावी बंद. घोड्याच्या बॅटरीचा मायनस काढा. बीएस-६ गाडीत चावी बंद केल्यावर कंपनीच्या पुस्तकात सांगितलेला वेळ थांबा, मग काढा.

२. सगळ्या केबल, रिले, चार्जर, डबे बसवून घ्या. एकही फ्यूज अजून घालायचा नाही.

३. मल्टीमीटरने प्लसची वायर आणि चेसिस यांच्यात कंटिन्युइटी पाहा. बीप वाजली तर कुठेतरी घासलंय, पुढे जाऊ नका.

४. ट्रेलरच्या दोन बॅटऱ्यांची मधली पट्टी लावा. मोकळ्या टोकांवर व्होल्ट पाहा: २४ च्या वर यायला हवा. १२ आला किंवा शून्य आला तर पट्टी चुकली आहे.

५. आधी प्लस, मग मायनस. काढताना उलट, आधी मायनस. पाना चेसिसला लागला तरी मायनसवर ठिणगी पडत नाही, यासाठी हा क्रम.

६. प्लग जोडण्याआधी दोन्ही अर्ध्या भागांवर पोलॅरिटी मीटरने तपासा. फ्यूज अजून नाहीत, त्यामुळे व्होल्ट दिसणार नाही, कंटिन्युइटीने कुठली वायर कुठल्या संपर्काला जाते ते पाहा. लाल वायर म्हणजे प्लस यावर विसंबू नका, लाल संपली म्हणून काळी ओढणारे महाभाग आहेत.

७. घोड्याच्या बाजूचा फ्यूज, मग ट्रेलरचा. सर्वात शेवटी कट-ऑफ चालू.

टर्मिनल कसून झाल्यावर व्हॅसलीनचा हात फिरवा. कसण्याआधी नाही.

मधल्या जोडावरून १२ व्होल्ट काढून गाण्यांचा टेप किंवा मोबाइलचा चार्जर लावायची सवय आपल्याकडे घोड्यावरही असते. त्यात एकच बॅटरी रिकामी होते आणि अल्टरनेटर दोघींना सारखाच करंट देतो. एक कायम उपाशी, दुसरी उकळते. २४ चा १२ करणारा कन्व्हर्टर घ्या, तो फारसा महाग नाही.

पहिली चाचणी

इंजिन चालू करून आरपीएम थोडा वाढवा. घोड्याच्या बॅटरीवर २७.५ ते २८.५ व्होल्ट हवा. मग ट्रेलरच्या बॅटरीवर मोजा. मागची बॅटरी थोडी उतरवून, म्हणजे रॅम्प दोनदा वर-खाली करून, ही चाचणी करा. भरलेल्या बॅटरीवर करंटच जात नाही, मग वायर बारीक असली तरी व्होल्ट छान दिसतो. फसवणूक इथेच होते.

डीसीचा क्लॅम्प मीटर प्लसवर लावून करंट पाहा. घोडा आणि ट्रेलरच्या व्होल्टमधला फरक व्हीएसआरच्या जोडणीत ०.८ च्या आत हवा. जास्त असेल तर तुकडा-तुकडा मोजा: घोड्याचा प्लस ते प्लग, प्लग ते पेटी, तसाच मायनस. जिथे आकडा उडी मारतो, तिथला जोड खोला. डीसी-टू-डीसी असेल तर हा फरक महत्त्वाचा नाही, चार्जरच्या आउटपुटचा व्होल्ट पाहा.

अर्ध्या तासाने प्रत्येक थिंबल, फ्यूज, प्लगजवळ हात न्या. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर तो जोड पुन्हा करायचा. मग चावी बंद करून मायनसमध्ये मीटर लावून गळती पाहा.

चार्जिंगचे आकडे

साध्या पाण्याच्या बॅटरीला २४ व्होल्टच्या जोडीत चार्जिंगचा वरचा व्होल्टेज २८.८ ते २९.६, नंतर धरून ठेवायला २७ ते २७.६. एजीएमला (चटईत अ‍ॅसिड शोषलेली बंद बॅटरी) वरचा २८.८ ते २९.४. जेलला (अ‍ॅसिड जेलीसारखं घट्ट असलेली) त्याहून कमी, २८.४ च्या आसपास. चार्जरवर बॅटरीचा प्रकार बरोबर निवडला आहे का ते पाहा. जेलवर पाण्याच्या बॅटरीचं सेटिंग ठेवलं तर ती फुगते.

हे आकडे २५ अंशांचे. अथणी-रायबागकडच्या उन्हाळ्यात बंद पेटीत चाळीसच्या वर जातं. तिथे वरचा व्होल्टेज साधारण ०.६ ने कमी हवा, म्हणून टेंपरेचर सेन्सरची वायर असलेला चार्जर घेतलेला बरा.

गाडी चार तास उभी राहिल्यावर मोजा: २५.४ च्या वर म्हणजे भरलेली, २४.४ म्हणजे निम्मी, त्याखाली म्हणजे आजच चार्ज करा. पाण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, मोजणारी नळी) जास्त खरं सांगतो. भरलेल्या सेलचं ग्रॅव्हिटी १.२६ ते १.२८. एखादाच सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर तो गेला, चार्जिंगने परत येणार नाही.

यार्डात विजेच्या चार्जरवर लावताना कट-ऑफ बंद, पेटीचं झाकण उघडं, करंट एएचच्या दहाव्या हिश्श्याइतका. शंभर एएचला दहा अँपिअर. चिमटे आधी लावा, मग चार्जर चालू करा. काढताना आधी चार्जर बंद. थ्री-पिन सॉकेटचा अर्थ खरा आहे का ते एकदा टेस्ट करून घ्या, आणि आरसीसीबीवरूनच (करंट गळला की लाइन तोडणाऱ्या स्विचवरूनच) लाइन घ्या. ओल्या जमिनीवर लोखंडी ट्रेलरशी लागून माणूस उभा असतो. जवळ बिडी, ग्राइंडर, वेल्डिंग काही नको. पाणी फक्त डिस्टिल्ड, आणि चार्जिंग झाल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, त्या झाकतील एवढंच. अ‍ॅसिड वरून कधी घालायचं नाही.

नंतरची देखभाल

ट्रेलरच्या चेसिसवर वेल्डिंग करायचं असेल तर प्लग सुटा करा, ट्रेलरच्या आणि घोड्याच्या दोन्हीकडच्या बॅटरीचे मायनस काढा, एबीएसचा कनेक्टर काढा. वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प जिथे टाका मारायचा त्याच्या वीतभर अंतरावर लावा. लांब कुठे लावला तर करंट बेअरिंगमधून आणि इलेक्ट्रॉनिक्समधून वाट काढतो.

मृगाच्या आधी आणि दिवाळीच्या सुमाराला, कारखान्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आत, पेटी उघडून बोल्ट कसा, पांढरी-हिरवी भुकटी सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, पुन्हा व्हॅसलीन. पेटीच्या बुडाचं भोक चिखलाने बंद झालेलं असतंच. प्लगचे संपर्क काळे पडले असतील तर घासत बसू नका, बदला.

हंगाम संपल्यावर ट्रेलर महिनो न् महिने उभा राहणार असेल तर बॅटरी पूर्ण भरून मायनस काढून ठेवा. महिन्यातून एकदा व्होल्ट पाहा, २५ च्या खाली आला की चार्ज. जीपीएस त्याच बॅटरीवर असेल तर तो कट-ऑफच्या आधीच, म्हणजे बॅटरीकडच्या बाजूला, जोडलेला नाही ना ते आठवणीने तपासा, नाहीतर कट-ऑफ बंद करूनही तो हळूहळू बॅटरी पीत राहतो.